आठ दिवस न वाढलेलं वजन

भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. कारेगावजवळच्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीत आहे. माप चुकलं की माल परत, एवढंच मला कळतं. आम्ही ख्रिस्ती, शिरूरला राहतो. प्रार्थना करतो, पण रविवारच्या उपासनेत लोक आपले अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला उभे राहिले की मी खाली मान घालून बसायचो. तरी हे लिहितोय... कारण यातले आकडे माझ्याच हातचे आहेत.

माझी मुलगी रूथ, वय तेरा. दोन्ही किडन्या निकामी. तिच्या आईला शुगर, माझा रक्तगट जुळत नाही. म्हणून अडीच वर्षांपासून नाव प्रतीक्षा यादीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार दौंडला डायलिसिस. लघवी होतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे दिवसाला सहाशे मिली पाणी, तेही मोजून. दिवसाला वजनही तेवढंच वाढायचं, सहाशे ग्रॅमच्या आसपास. रोज सकाळी वजन करून मी वहीत लिहायचो.

त्या शनिवारी डायलिसिसनंतर वजन भरलं ३१.४ किलो. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. सोमवारी सकाळी ३१.४. मंगळवारी ३१.४ — दौंडच्या काट्यावरही तेच. घरचा काटा मी कारखान्यातली प्रमाणित वजनं आणून तपासला. बरोबर होता. गुरुवारी तेच, शनिवारी तेच. मशीनला अंगातून काढायला पाणीच नव्हतं. रक्ताचे रिपोर्ट मात्र होते तसेच खराब.

डॉक्टर म्हणाले, "याला सुधारणा समजू नका. पाणी वाढवू नका."

रविवारी उपासनेआधी आमच्या मंडळीतले म्हातारे आप्पा शेजारी येऊन बसले.

"पोरीचं वजन हललं न्हाई म्हंत्यात. मग साक्ष द्या की."

"आप्पा, रिपोर्ट खराबच आहेत."

"तुमी प्रार्थना पन मोजून करता. देवानं दिलेलंबी काट्यावर टाकनार व्हय?"

मागच्या बाकावर लोक हसले. मी उभा राहिलो आणि वहीतले आकडे वाचून दाखवले. आयुष्यातली पहिली साक्ष.

नंतर सगळ्यांचं जेवण होतं. रूथ म्हणाली, "पप्पा, आज ग्लास भरून पिऊ?"

तिच्या आईनं मान हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "पी."

ती तीन ग्लास प्यायली. दोनशे मिलीचा ग्लास.

पाचच्या सुमाराला तिला दम लागला. चेहरा, पाय टम्म सुजले. गाडीत बसवण्याआधी मी तिला काट्यावर उभी केली... सवयच ती. ३६.८.

सहाशे मिली प्यायली होती आणि वजन वाढलं होतं पाच किलो चारशे. नंतर हिशेब केला. आठ दिवसांचे रोजचे सहाशे, म्हणजे अठ्ठेचाळीसशे. वर तीन ग्लास. चौपन्नशे. ग्रॅमचाही फरक नाही.

फुप्फुसात पाणी झालं होतं. आयसीयूत ठेवलं. सोमवारी दुपारी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तो फोन आला.

"रूथचे वडील बोलताय? तिला जुळणारी किडनी आहे. चार तासांत पुण्यात आणता येईल?"

"ती ऑक्सिजनवर आहे, मॅडम."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "पुढच्या पेशंटला कळवावं लागेल, सर."

रूथ त्यातून वाचली, पण हृदयावर ताण आलाय. यादीत तिच्या नावापुढं 'तूर्त अपात्र' असा शेरा आहे. तो कधी निघेल, हे विचारणं मी सोडलंय. आप्पा येतात, बसतात, जातात.

डॉक्टर म्हणतात, काटे चुकले असतील. दोन गावचे दोन काटे, एकाच आठवड्यात, सारखेच? मग एवढं पाणी आठ दिवस होतं कुठं? आणि ती तीन ग्लास प्यायली नसती, तरी ते आलंच असतं का?

रूथ मला बोल लावत नाही. परवा डायलिसिसहून येताना एसटीत म्हणाली, "पप्पा, त्या दिवशीचं पाणी लई गार होतं."