गणपतीपुढचा दिवा आणि दिलीपचं सर्किट

मित्रांनो, आज धाकट्या भावाच्या, दिलीपच्या अस्थी घेऊन रामटेकला गेलो.

माझ्या गाडीतला गणपतीपुढचा दिवा गाडी उभी असतानाही जळावा, हा माझा हट्ट. त्यापायी बॅटरी पार उतरायची. म्हणून दिलीपने सर्किट बसवलं. बॅटरी उतरू लागली की दिवा आपोआप बंद. मी चिडलो.

"दादा, देव बसते गा अंधारात. तू रस्त्यात बसशील त्याचं काय?" तो हसला होता.

तो गेल्यापासून गाडी उभीच होती. आज दिवा विझलेला दिसला. चावी फिरवली, तर गाडी लगेच सुरू झाली. थोड्या वेळाने बॅटरी भरत आली, तसा दिवाही लागला.

मागे बसलेली दिलीपची बायको म्हणाली, "भाऊजी, त्यायनंच लावला."

दिवा पुन्हा विझेल म्हणून रामटेकला गाडी बंद करायला हात उठेना. गेलेल्या माणसाच्या हातचं असं काही तुमच्याकडे अजून चालू आहे का?