होडी बांधली का विचारणारं सॉफ्टवेअर

किस्से ठेवायला वेगळी जागा लागत नाही ते बरं. लागली असती तर आमच्या ऑफिसात नाझिमाला जिन्यात बसावं लागलं असतं.

ऑफिस म्हणजे अलिबागला, सुक्या मासळीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. मालक म्हात्रे सर, कोड लिहिणारी नाझिमा आणि तिचा कोड कुठे मोडतो ते शोधणारी मी. आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. पूल असो की विमानाचा पंख, कॉम्प्युटरमध्ये त्याचे बारीक तुकडे पाडायचे आणि भार टाकल्यावर प्रत्येक तुकडा किती वाकतो ते काढायचं. त्यातही आमची खासियत पिझो चकत्यांची. ही चकती दाबली की वीज देते आणि वीज दिली की स्वतः वाकते.

हे सगळं मी सासूबाईंना छान समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाकणार एवढं सांगून तुम्ही मोकळ्या. सरळ कोण करणार?"

* * *

सरांचे भागीदार नवी मुंबईत बसतात. पावसाळा संपला तसा त्यांचा फोन आला. अलिबागला एक तरी मोठं गिऱ्हाईक मिळवा, नाही तर ऑफिस बंद करा आणि सगळे इकडे या.

नाझिमाची अम्मी चौलला एकटी असते. तिला सोडून नाझिमा जाणार नव्हती, म्हणजे तिची नोकरी गेल्यातच जमा. मला फार वाईट वाटलं. नाझिमाशिवाय ऑफिस ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

नाझिमा मात्र म्हणाली, "रडतेस काय? आधी माझ्या कोडातल्या चुका तरी शोधून संपव."

* * *

चुका म्हणाल तर, एकदा तिने एका तुळईवर भार टाकला आणि तुळईची टोकं कुठे टेकलीत ते सांगायलाच विसरली. टेकू नाही म्हटल्यावर तुळई सुटली. उत्तर आलं तेव्हा ती चंद्राच्या पलीकडे पोचली होती.

म्हात्रे सर पेणकडचे, मिठागरवाल्या घरातले. चिडले की घरची बोली बाहेर येते. चष्मा वर करून म्हणाले, "अगो, होरी बांधल्याशिवाय कोन घरी जातं काय?"

नाझिमाने ते मनावर घेतलं. टेकू द्यायचा राहिला की स्क्रीनवर सूचना यायला लागली, 'होडी बांधली का?' आम्हाला ती इतकी आवडली की काढायची राहूनच गेली.

मग पुण्याच्या एका कॉलेजने सॉफ्टवेअर वापरून बघायला घेतलं. तिथल्या प्राध्यापकांची ईमेल आली. 'आमच्याकडे होडी नाही. विषय विमानाच्या पंखाचा आहे. होडी वेगळी विकत घ्यावी लागेल का, कृपया कळवावे.'

* * *

दुसरा किस्सा खुद्द सरांचा. थरथरणाऱ्या पट्टीवर चकती चिकटवली आणि योग्य वेळी वीज दिली तर थरथर थांबते, असं आमचं सॉफ्टवेअर सांगत होतं. सरांनी खरी ॲल्युमिनियमची पट्टी आणली, स्वतःच्या हाताने चकती चिकटवली आणि बटण दाबलं. पट्टी थांबायचं सोडून किंचाळायलाच लागली. खालच्या दुकानातल्या काकी हातात सुकटीचं माप घेऊन वर आल्या, "मेल्यांनो, मिक्सर बंद करा, माझं गिऱ्हाईक पळतंय."

चकती उलटी चिकटली होती. नाझिमाने हळूच विचारलं, "सर, कुणी चिकटवली?"

सर म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही. उलटी चिकटवली तर काय होतं, हेही बघायचंच होतं."

* * *

अखेर गिऱ्हाईक आलं. खाडीपलीकडे लाँचा चालवणारे एक शेठ. जेटीवरून लाँचमध्ये चढायला त्यांचा लोखंडी पूल आहे. त्याखाली चकत्या लावायच्या, म्हणजे गर्दी जास्त झाली की त्या इशारा देतील. कुठे लावायच्या ते आमचं सॉफ्टवेअर सांगणार. रस्त्याने यायचं तर पनवेलवरून मोठा वळसा, म्हणून शेठ सकाळी स्वतःच्याच लाँचने आले, त्याच पुलावरून उतरले आणि आमच्यासमोर येऊन बसले.

नाझिमाने स्क्रीनवर पूल दाखवला, माणसांचा भार टाकला. पूल लालभडक झाला आणि पार झोळीसारखा लोंबून वरखाली झुलायला लागला.

शेठ खुर्चीतून उठलेच. "हा माझा पूल आहे?"

"शेठ, नीट दिसावं म्हणून वाकणं हजारपट वाढवून दाखवतो," नाझिमा म्हणाली. "खरं तर नखाएवढंही वाकत नाही."

"मग खरं दाखवा."

तिने खरं दाखवलं. पूल जागचा हलला नाही.

"यात तर काहीच होत नाही," शेठ म्हणाले. "एवढ्यासाठी मी सॉफ्टवेअर घ्यायचं?"

सरांनी घाम पुसला. नाझिमाने परत हजारपट केलं. पूल पुन्हा वरखाली झुलायला लागला. तिने शांतपणे एकेक आकडा समजावला. पूल भक्कम आहे, काळजीचं कारण नाही, फक्त गर्दीवर लक्ष हवं. शेठनी बारीकसारीक सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "पटलं. पूल एकदम मजबूत आहे. सॉफ्टवेअर घेतलं."

सही झाली. नाझिमाचे डोळे भरले. सर तिच्याकडे न बघता चहा सांगायला खाली गेले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. जेटीवरून लाँचचा तांडेल विचारत होता, लाँच तयार आहे, कधी येताय? शेठनी स्क्रीनकडे पाहिलं. पूल अजून झुलत होता.

"तू जा पुढे," ते फोनवर म्हणाले. फोन खिशात ठेवला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "ताई, पनवेलची एसटी किती वाजता आहे?"