थांबत थांबत पळणारे व्याही

आमचे व्याही रोज सकाळी पळायला जातात. पळायला जातात असं ते म्हणतात. मी बरोबर जाऊन पाहिलं आहे. निम्मा वेळ ते उभे असतात.

मी गोदामात हमाली केली. पोती वाहिली, पेट्या वाहिल्या, एकदा अख्खं कपाट आरशासकट तिसऱ्या मजल्यावर नेलं. आमच्या कामात एक नियम होता. ओझं घेतलं की वाटेत टेकायचं नाही. टेकलं की परत उचलायला दुप्पट जोर लागतो, आणि तो जोर नेमका तेव्हा नसतो. मुकादम म्हणायचा, "टेकवलंस तर उचलायला तुझा बाप येणार आहे का?" माझा बाप त्याच गोदामात पोती वाहत होता, तरीही तो म्हणायचा. त्यामुळे अर्धवट कष्ट मला बघवत नाहीत. पळायचं तर पळा, बघायचं तर बघा. दोन डगरींवर पाय ठेवून कोणी पळत नाही.

पण व्याह्यांना हे कोण सांगणार? मुलगी त्यांच्या घरात दिलेली. भाऊ असता तर कान धरून सांगितलं असतं. व्याह्याला 'अहो' म्हणावं लागतं.

ते बस चालवायचे. सगळी नोकरी एकाच मार्गावर काढली, जुन्या पेठेतून नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत. त्या मार्गावर एका सिग्नलजवळ भिंतीत बसवलेला दगड होता, त्यावर अक्षरं कोरलेली. सिग्नल लाल झाला की ते वाचायला लागायचे. तिसऱ्या ओळीला आले की हिरवा व्हायचा आणि मागचे भोंगे वाजवायचे. इतकी वर्षं हा माणूस ती तिसरी ओळ मनात धरून बस चालवत होता. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बूट घातले आणि थेट तिथे पळत गेले. दगडावर लिहिलं होतं, येथे घोडे बांधू नयेत.

मी म्हटलं, "एवढ्यासाठी?"

"अहो व्याही, एवढंच कसं? म्हणजे इथे घोडे बांधत होते!"

 

तेव्हापासून हे सुरू झालं. चालत का जात नाही, असंही एकदा विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं. अनोळखी गल्लीत माणूस चालत शिरला की खिडकीतून विचारतात, कोण पाहिजे? पळत शिरला की कोणी काही विचारत नाही, फार तर कुत्रं मागे लागतं. पळणाऱ्याला शहर मोकळं असतं म्हणे. शिवाय आंघोळीआधी चार पेठा होतात.

त्यांच्या पळण्याची तऱ्हाही सांगतो. बसथांबा दिसला की पाय आपोआप मंद होतात. परत पळायला लागताना खांद्यावरून मागे बघतात, जणू आरसा आहे. आणि तोंड बंद नाही. ही गल्ली सरळ का? तर इथे दोर वळायचे, दोराला वळण चालत नाही. ती गल्ली वाकडी का? तर खाली ओढा होता, घरं त्याच्या काठाने उभी राहिली, ओढा गेला पण वळण राहिलं. दुसऱ्या मजल्यावर हवेत उघडणारं दार कशाला? तर कप्पीने माल वर घ्यायला. हे सगळं त्यांना म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं. बटणं विकणारी एक बाई आहे पेठेत, तिच्याशी तर ते जागच्या जागी पळत बोलतात. पाय हलले पाहिजेत म्हणे, नाहीतर तो व्यायाम होत नाही. रस्त्यावरचे लोक बघतात. मी दुसरीकडे बघतो.

तसं सगळं ठीक चाललं असतं. पण गेल्या वर्षी एका जुन्या घराची वरची खिडकी नीट दिसावी म्हणून ते मागे मागे सरकत रस्त्याच्या मध्ये गेले आणि स्कूटरखाली आले. मनगट मोडलं. स्कूटरवाला बिचारा रडायच्या बेताला आला आणि हे प्लॅस्टरच्या खोलीत त्याला त्या खिडकीची माहिती सांगत बसले.

माझे जावई शांत आहेत, पण एकदा बोलले की बोलले. त्यांनी वडिलांना समोर बसवलं. "बाबा, तुम्ही पळत नाही, भटकता. मधेच थांबता, मागे सरकता, मान वर. पुढच्या वेळी ट्रक असेल."

"मी पळतो," व्याही म्हणाले.

"मग शहराची शर्यत पूर्ण करून दाखवा. वेळेत. केलीत तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही केलीत तर सकाळचं पळणं बंद. संध्याकाळी आईबरोबर बागेत फेऱ्या."

आमच्या विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला नकोत हे बागेत. बाकाखाली वाकून बघतील कोणी बनवलाय ते."

शर्यत म्हणजे दरवर्षी होते ती. सगळ्यांच्या मागून एक बस हळूहळू येते. ती ज्याला गाठेल त्याने मुकाट्याने आत बसायचं. व्याही दोनदा पळाले होते आणि दोन्ही वेळा बसमधून आले होते. एकदा गटाराच्या झाकणावरची अक्षरं वाचताना, एकदा डांबरातून वर आलेले ट्रामचे रूळ दिसले म्हणून. वर ती बस चालवायला त्यांचाच जुना सोबती. त्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाजामुळे. दोन्ही वेळा त्याने दार उघडून म्हटलं होतं, "या, या. तिकीट काढू नका, पासवाले आहात."

व्याही जेवेनासे झाले. खरंच. मुलगी माझ्याकडे आली. "बाबा, तुम्ही पळा ना त्यांच्याबरोबर. तुम्हीच त्यांना ओढून न्याल. बंद झालं तर ते झुरतील."

"मी या वयात पळू?"

"तुम्ही कपाट चढवलंत ना तिसऱ्या मजल्यावर?"

हे कपाट मी जगाला उगीच सांगितलं.

झालं. सराव सुरू झाला. सरावात ते मला पेठेच्या चढावर घेऊन गेले आणि मध्यावर थांबले. अर्थातच. तिथे भिंतीला लागून दोन उभे दगड आणि त्यावर आडवी शिळा. बसायला फार उंच, आणि सामान मांडायला कोणी दगड रोवत नाही.

"ओळखा," व्याही म्हणाले.

"पुढे चला."

"बटणवाल्या बाईंनी सांगितलं. तुमच्याच लोकांचा आहे हा. खालच्या घाटावरून माल यायचा, हमाल इथे यायचे, पाठ फिरवून ओझं शिळेवर टेकवायचे. खाली उतरवायचं नाही. दम खायचा, परत पाठ लावायची आणि चालू लागायचं. उचलून द्यायला कोणी लागत नाही. आहे की नाही युक्ती?"

मी शिळेकडे पाहिलं. उंची बरोबर होती, हे मला दिसलं. कड झिजून गुळगुळीत झाली होती.

"आम्ही टेकत नव्हतो," मी म्हटलं.

"तुमच्या आधीचे टेकत होते."

"त्यांना पोटभर मिळत नसेल."

"किंवा अक्कल असेल," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. व्याह्यांचं नातं दोन्हीकडून असतं. मी त्या शिळेला हात लावला नाही.

शर्यतीच्या सकाळी मी एक बंदोबस्त केला. भिंतीकडची बाजू मी घेतली आणि त्यांना रस्त्याच्या मधल्या बाजूला ठेवलं. घोड्याला झापडं लावतात तसं. मी तसा रुंद माणूस आहे, माझ्यापलीकडचं फारसं दिसत नाही. ते दिसलं नाही तर माणूस थांबणार नाही, असा माझा हिशेब.

"आता तुमच्या पलीकडे जनावरांची पाण्याची कुंडी आली असेल," व्याही म्हणाले.

"पळा."

"त्यात आता फुलझाडं लावलीत."

"पळा हो!"

"पळतोच आहे. मी फक्त सांगतोय. आता लोखंडी खांब. त्याच्यावर दिवा होता, गॅसचा."

न बघता सगळं म्हणून दाखवत होते. अख्खी पेठ पाठ. मी घामाघूम. पण एक मान्य करतो, पाय थांबले नव्हते. दोरवाल्यांच्या गल्लीत तर चांगला वेग धरला होता आणि मला वाटलं, जमतंय.

मग पुलावर त्यांनी एका दमलेल्या बाईला पुलाच्या खिळ्यांची गोष्ट सांगायला घेतली. तिला वेग जमेना, म्हणून यांनी आपला वेग तिच्याएवढा केला. मी ओरडलो. गोष्ट पुरी झाल्याशिवाय कसं सोडायचं, म्हणे. ती बाई मात्र गोष्ट ऐकून ताजी झाली आणि आमच्या पुढे निघून गेली. आम्ही मागे राहिलो, आणि पेठेच्या चढाच्या तोंडाशी आलो तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला.

"अहो, पासवाले!" बसच्या कर्ण्यातून भोंगा ओरडला. "खिडकीची जागा राखून ठेवलीय! या वर्षी पाहुणेही आणलेत वाटतं!"

व्याह्यांचं तोंड उतरलं. मला पहिल्यांदा त्यांची दया आली, आणि दया आली की मला राग येतो.

"माझ्या मागे या," मी म्हटलं आणि चढ घेतला.

आता चढ घ्यायची आमची पद्धत अशी. पाठीवर ओझं असताना चढ हळू चढायचा नसतो. पुढे वाकायचं, श्वास कोंडायचा, बारीक पावलं टाकत झपाट्याने वर जायचं आणि वर पोचल्यावरच श्वास सोडायचा. हळू चढलं की ओझं मागे ओढतं. मी तसाच निघालो. पाठीवर काही नाही हे अंगाला कळलंच नाही. मागे ओढणारं काही नसल्यामुळे पाय नको इतके सुटले, आणि मध्यावर उजव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे अंधारी. हात लागेल त्याला धरलं. पाठ लागली ती त्या शिळेलाच.

व्याही थांबले. हा माणूस आयुष्यात चुकीच्या वेळी थांबायचा राहिलेला नाही. माझी पोटरी बघायची सोडून शिळेकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर काय आनंद!

"टेकलात?"

"पुढे व्हा!"

"नाही, पण बघा ना, बरोबर पाठीच्या उंचीला येतं की नाही?"

"येतं! बरोबर येतं! आता निघा!"

"तुम्हाला असं टाकून कसा जाऊ? सूनबाईला काय सांगू?"

मागे बस वळणावर आली. माझ्या जिभेचा तोल गेला. 'अहो' तेवढं शिल्लक राहिलं.

"अहो, तुम्हाला उद्या इथे परत यायचंय की नाही? परवा? त्या बटणवाल्या बाईकडे? का बागेत बाक मोजायचेत? यायचं असेल तर आत्ता जा. आणि वर पोचेपर्यंत कशाकडेही बघू नका."

 त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं, सवयीने, आणि गेले.

चढाच्या टोकाला ते हवेत उघडणारं दार आहे. त्यांचं सगळ्यात लाडकं. मी खालून बघत होतो. मान त्या बाजूला वळली. पाय मंदावले. मी शिळेवर मूठ आपटली. मग व्याह्यांनी चालता चालता हात वर केला, समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला करतात तसा, दाराला केला, आणि पलीकडे उतरले.

बस माझ्याजवळ थांबली. दार उघडलं.

"या पाहुणे," भोंगा म्हणाला. "आमचे कुठे गेले?"

"पुढे."

"पुढे? ते?" त्याने कर्णा बंद केला. नंतर शेवटपर्यंत त्याने बस जरा हळूच चालवली असं मला वाटतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. खिडकीतून मी व्याह्यांना रेघ ओलांडताना पाहिलं. ओलांडल्यावर लगेच खाली वाकले. मला वाटलं, चक्कर आली. नाही. फरसबंदी बघत होते.

जावयांनी शब्द पाळला. तोंड उघडलं नाही. मुलगी खूश, व्याही जेवायला लागले. मी पंधरवडाभर लंगडत होतो, त्याचं कोणाला काही नाही. विहीणबाईंनी तेवढं तेल पाठवलं.

खरा ताप पुढेच. आता व्याह्यांच्या मागे आठवड्यातून एकदा चार माणसं पळतात, पुलावरची ती बाईसुद्धा. सगळी थांबत थांबत. पाण्याची कुंडी, गॅसचा खांब, आणि चढाच्या मध्यावर आले की शिळेपाशी उभं राहून व्याही सांगतात, "जुन्या काळचे हमाल इथे टेकायचे. शेवटचे टेकले ते आमचे व्याही."

मुलीकडून हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. जन्मभर वाटेत टेकलो नाही, आणि शहराच्या इतिहासात मी टेकलेला! परवा सकाळी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं, हे बंद करा म्हणून. घोळका आला. व्याही मला बघून थोडे चपापले, पण गाडी थांबवली नाही.

"इथे," ते म्हणाले, "डाव्या पोटरीत गोळा आला आणि..."

"उजव्या," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"उजव्या," व्याही म्हणाले. "आणि मग असे पाठीने मागे..."

"तसं नाही. तसं टेकलं तर ओझं घसरेल."

"मग कसं?" पुलावरच्या बाईने विचारलं.

व्याह्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. पाय जुळवून, कंबर सैल सोडून ते शिळेशी खेटले होते. असं कोणी ओझं टेकवतं? मला बघवेना. त्यांना बाजूला केलं, पाठ फिरवली, गुडघे वाकवले आणि कसं टेकायचं ते दाखवलं.