पार्टी चांगली आहे

खरवईच्या त्या फ्लॅटचं प्रकरण मला आजही आठवतं, आणि आठवलं की आजही डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यातल्या माणसांवर मी एवढा वैतागलो नव्हतो. या आठवणीत मी कोणाचंही नाव घेणार नाही. तसं ते घेणं तेव्हाही अवघडच होतं, कारण या प्रकरणात कोणालाच कोणाचं नाव माहीत नव्हतं.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो, खरवई त्याच्याच हद्दीत. सकाळची हजेरी आटोपून चहा पुढे घेतला, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी गलका झाला. एक निवृत्त गृहस्थ होते, अंबरनाथच्या कारखान्यात जन्म घालवलेले. त्यांना मी काका म्हणेन. समोर चाळिशीची एक बाई, उल्हासनगरच्या खाजगी दवाखान्यातली नर्स, अंगावर ड्युटीचा गणवेश. तिच्या मागे तिचा नवरा, उल्हासनगरच्याच कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग करणारा, मान खाली घालून उभा. काका आणि बाई एकमेकांना चोर म्हणत होते, आणि गंमत अशी की आपापल्या जागी दोघंही खरं बोलत होते.

काकांनी निवृत्तीनंतर खरवईच्या नव्या इमारतीत वन बीएचके घेतला होता. घर पडून कशाला ठेवायचं म्हणून एजंटमार्फत अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं दिला. भाडं वेळेवर येत होतं, म्हणून काका त्या घराकडे फिरकलेच नाहीत. करार संपत आला तेव्हा रंगाचा अंदाज घ्यायला रंगाऱ्याला घेऊन गेले, स्वतःच्या चावीनं दार उघडलं, तर आत ही बाई जेवणाचा डबा भरत होती. काका म्हणाले, मी मालक. ती म्हणाली, मालक तर वेगळे आहेत, तुम्ही कोण?

मी काकांना साधा प्रश्न विचारला, तुमच्या भाडेकरूचं नाव काय?

"नाव... बँकेतली पार्टी आहे साहेब. एजंट बोलला, पार्टी चांगली आहे."

मग बाईंना विचारलं, घर कोणाकडून घेतलंत?

"शेठकडून."

"शेठचं नाव?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं फरशीकडे. "आम्ही शेठच बोलतो त्यांना," ती म्हणाली. मी पेन खाली ठेवलं. फिर्यादीत आता लिहायचं तरी काय? पार्टीनं शेठ बनून दुसऱ्या पार्टीला फसवलं?

आमच्या पट्ट्यात हा शब्द फार माजला आहे. एजंट मालकालाही पार्टी म्हणतो, भाडेकरूलाही पार्टी म्हणतो. मालकाला सांगतो पार्टी चांगली आहे, भाडेकरूला सांगतो पार्टी चांगली आहे, आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांचं तोंड न बघता खूश. गिरवीच्या दुकानात पितळेचं भांडं ठेवताना जेवढी चौकशी होते, तेवढीही आयुष्याची कमाई घातलेलं घर देताना होत नाही.

मी म्हटलं, आपापल्या एजंटला फोन लावा. दोघांनी माझ्यासमोर लावला. काकांचा फोन लागला, बाईंचा एंगेज आला. काकांनी ठेवला तसा बाईंचा लागला. एजंट एकच होता. ठाणे अंमलदार हसू दाबायला बाहेर गेला.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. बाईनं ते घर हेवी डिपॉझिटवर घेतलं होतं. म्हणजे एकरकमी मोठी रक्कम आधी द्यायची, दरमहा भाडं द्यायचं नाही, आणि घर सोडताना रक्कम परत घ्यायची. तिच्या माहेरचं घर विकलं गेलं तेव्हा तिच्या वाट्याला जे आलं, ते सगळं तिनं त्या शेठच्या हातात दिलं होतं. मुलगी दहावीला होती. काका म्हणत होते, संध्याकाळपर्यंत घर मोकळं करा. बाई विचारत होती, मोकळं करून जाऊ कुठं? जायला जागाच नव्हती, म्हणूनच ती एवढी भांडत होती.

काकांना मी स्पष्ट सांगितलं, पोलीस घर रिकामं करून देत नाहीत, ते काम कोर्टाचं. त्यांना ते आवडलं नाही. फिर्याद घेतली आणि एजंटला बोलावून घेतलं. तो आला तो हातात दोन मोबाईल घेऊन, तोंडभर हसत. पहिल्या पार्टीनं फ्लॅट विकत घेतला असं त्याला वाटलं, म्हणे. मी म्हटलं, काकांना एकदा विचारलं का नाहीस?

"विचारायचं कशाला साहेब? दोन्ही पार्ट्या खूश होत्या."

दलाली त्यानं दोन्हीकडून घेतली होती. काकांचा करारही त्यानं साध्या स्टॅम्प पेपरवर करून, स्कूटरच्या सीटवर ठेवून, न वाचताच सही घेतली होती. नोंदणी नाही, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली नाही. मी काकांना विचारलं, असं का? ते म्हणाले, एजंट बोलला तो सगळं बघतो. वयानं मोठ्या माणसाला काय बोलणार?

शेठचा फोन बंद होता. करारासाठी त्यानं एजंटला दिलेल्या ओळखपत्रावरचा पत्ता कॅम्प तीनमधला निघाला आणि त्या चाळीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. तपास तिथेच अडला असता. पण बदलापूर स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवरचा आमचा एक खबरी आला. एक माणूस लोकांना चामटोलीकडच्या नव्या इमारतींत फ्लॅट दाखवतो, आज एक, उद्या दुसरा, आणि सगळीकडे लोक त्याला शेठ म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "साहेब, एवढे फ्लॅट असणारा माणूस शेअर रिक्षानं फिरंल का?"

मी आमच्या एका महिला हवालदाराला साध्या वेशात पाठवलं, हेवी डिपॉझिटवर घर शोधणारी बाई म्हणून. ती राहायला अंबरनाथला, स्वभावानं तिखट. तिला एवढंच सांगितलं की घर बघ, गिऱ्हाईक विचारतं ते सगळं विचार. दोन अंमलदार खाली थांबले. शेठनं तिला हॉल दाखवला, किचन दाखवलं, गॅलरीतून डोंगर दाखवला. तिनं विचारलं, पाणी कधी येतं? तो म्हणाला, चोवीस तास.

"साहेब, मी तिथंच त्याची कॉलर धरणार होते," ती नंतर मला म्हणाली. "मी इथं जन्म काढला, मला चोवीस तास पाणी सांगतो!"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे खरा मालक घर दाखवताना आधी पाण्याचं रडगाणं गातो. कधी येतं, किती वेळ येतं, कॉक कुठे आहे, टाकी कधी भरून ठेवायची, हे सगळं न विचारता सांगतो. तिनं त्याला कॉक दाखवायला सांगितला, तर तो गिझरची वायर दाखवू लागला. मग तिनं खाली इशारा केला.

त्याच्या खिशात चाव्यांचा जुडगा मिळाला. त्यात खरवईच्या फ्लॅटचीही चावी होती. बाईनं त्याला बघताक्षणी ओळखलं. चौकशीत तो अगदी थंड होता. घरं भाड्यानं घ्यायची, मालक येत नाही याची खात्री करायची, मग तेच घर हेवी डिपॉझिटवर दुसऱ्याला द्यायचं आणि त्याच पैशातून मालकाला भाडं भरत राहायचं, अशी त्याची पद्धत. मालक भाड्यावर खूश, राहणारा घरावर खूश.

"साहेब, मी मालक आहे असं कुणाला बोललोच नाय," तो म्हणाला. "लोकच शेठ शेठ बोलले, मी फक्त हो बोललो."

माझा सगळ्यात जास्त संताप कशानं झाला असेल तर या वाक्यानं, कारण त्यात बरंचसं खरं होतं. एजंटलाही आम्ही आरोपी केलं. रक्कम मात्र बरीचशी उडालेली होती. राहिलेली कोर्टातून मिळेल तेव्हा मिळणार.

ओळख पटवायच्या दिवशी काकाही ठाण्यात आले होते. माझा तिचा काही संबंध नाही, माझं घर मला द्या, हा एकच पाढा. शेठ सापडल्याच्या आनंदात मी हवालदाराची पाण्याची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली आणि सहज काकांकडे वळून विचारलं, तुमच्या फ्लॅटला पाणी कधी येतं हो?

"चोवीस तास," ते म्हणाले. "एजंट बोलला होता."

हवालदारानं तोंडावर रुमाल धरला. मी कपाळावर हात मारला. बाई मात्र हसली नाही.

"एक दिवसाआड येतं काका, तेही बारीक," ती म्हणाली. "कॉक गॅलरीत आहे, तुमच्या डाव्या हाताला. गळत होता, मी बदलून घेतला."

घर विकत घेतल्यापासून काका त्या घरात एकदाही पाणी प्यायले नव्हते, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मी काही सांगायच्या आधी तेच म्हणाले, निदान मुलीची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, आणि त्यानंतर काकांनी तिच्याच नावानं नोंदणीकृत करार केला, ठाण्यात येऊन तिची माहिती दिली, भाडंही तिला झेपेल असं ठरवलं. एजंट नव्हता. दोघं समोरासमोर बसले होते.

आता निवृत्तीनंतर ओळखीचे लोक विचारतात, बदलापूरला गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलाय, भाड्यानं देताना काय बघू? मी म्हणतो, करार नोंदवा, पोलिसांना माहिती द्या, चावी एजंटकडे टाकू नका, अधूनमधून घरी जाऊन चहा प्या. घर भाड्यानं घेणाऱ्यालाही सांगतो, शेठ म्हणू नका, मालकीचा कागद मागा आणि त्याच्यावरचं नाव वाचा. लोक मान डोलावतात. मग जाता जाता सांगतात की तसं काळजीचं काही नाही, एजंटनं आणलेली पार्टी चांगली आहे. काय बोलायचं यांना?

काकांच्या मुलाच्या लग्नाला मला आमंत्रण होतं. ती बाई, तिचा नवरा, मुलगी, सगळे पहिल्या पंगतीला. काकांनी हात धरून मला त्यांच्याकडे नेलं आणि पाहुण्यांसमोर तिची ओळख करून दिली, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, अगदी हजेरी घेतल्यासारखं स्पष्ट. ते नाव मी इथे लिहीत नाही. काकांना मात्र ते पाठ आहे.