सलीमभाईंच्या सोफ्यावरची घरभेट

माझी बहीण सुशी शांत, सोशिक आणि कधीही न चिडणारी आहे, ही थाप मी आयुष्यात दोनदा मारली. पहिल्यांदा तिचं लग्न जमवताना. तेव्हा ती खपली. दुसऱ्यांदा सुशी मूल दत्तक घेत होती तेव्हा!

सुशी आणि आमचे जावई नेदरलँड्सला असतात. मूल होईना. डॉक्टर झाले, नवस झाले (डॉक्टर त्यांचे, नवस आईचे) आणि एक दिवस तिने फोनवर सांगितलं, "दादा, आम्ही भारतातून मूल दत्तक घेतोय." मला वाटलं, विमानाने येतील, मूल घेतील आणि जातील. कसचं काय! लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तब्येतीचा दाखला, पोलिसांचा दाखला, मुलाखतींवर मुलाखती, वर दोन्ही देशांच्या परवानग्या! जन्म द्यायला यातलं काहीच लागत नाही. (लागलं असतं, तर मी जन्मालाच आलो नसतो. आमच्या वडिलांना कुठलाही दाखला वेळेवर मिळाल्याचं कुणाला आठवत नाही.)

मूल दर सुट्टीत आजोळी येणार, म्हणून तिकडच्या संस्थेला इथलं घरही बघायचं होतं. मुंबईच्या एक समाजसेविका आमच्या गावी, कडावला, आमचं घर बघायला येणार असं ठरलं. 'बघायला येणार' एवढं कानावर पडलं आणि आम्ही कामाला लागलो. आमच्याकडे लोक बघायला येतात ते एकाच कामासाठी, आणि त्याची तयारी ठरलेली असते: भिंतीला रंग, गोठ्याला पडदा, कांदेपोहे आणि शेजारच्या सलीमभाईंचा सोफा. आळीतल्या प्रत्येक मुलीच्या बघण्याला हा सोफा हजर असतो. त्यावर बसून कुणी नकार दिल्याचं ऐकिवात नाही.

आदल्या दिवशी सुशीचा फोन आला. "दादा, काही सजवू नकोस रे. त्या मला पसंत करायला येत नाहीयेत. जे मूल येईल त्याला पुन्हा एकटं पडायची वेळ येऊ नये, एवढंच बघायला येतायत. खरं ते बोल."

सगळे दाखले जमले होते, अडलं होतं ते या एका भेटीपाशी.

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. (मी असं म्हटलं की आमच्या घरात सगळे काळजी करायला लागतात.)

बाई आल्या, सोफ्यावर बसल्या. पोहे आले.

"सुषमाताईंचा स्वभाव कसा आहे?"

"एकदम शांत. गरीब गाय!"

"चिडतात कधी?"

"छे!"

"नवऱ्याशी भांडण झालं, तर काय करतात?"

"स्वयंपाक!"

बाईंचं पेन थांबलं. "आणि मूल रडलं, रागावलं, जवळ आलंच नाही, तर?"

"आमच्या खानदानात कुणी रडत नाही," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात दोन गडी घेऊन सलीमभाई दारात! "भाऊ, माफ करा हां. आमच्या शबानाला बगायला पाव्हनं आलं. सोफा लागतोय."

"सोफा तुमचा नाही?" बाईंनी मला विचारलं.

"आमचाच... म्हणजे, गरजेपुरता!"

बाई ताटली घेऊन उठल्या. सोफा तिरका होऊन दारातून निघाला आणि जाताना भिंतीचा ओला रंग पुसत गेला. बाई आईशेजारी चटईवर बसल्या. आता आईला राहवेना.

"बाय, ह्यो माजा लेक मगापासून खोटं बोलतोय. सुशी शांत नाय. लय तापट हाय! ह्याच्या डाव्या भुवईवर बगा. ती खोक तिनंच पाडलीय, तांब्या फेकून."

मी डोळे मिटले. सुशीच्या नावावर एकही गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला तिने मिळवला होता, आणि इथे आई पुराव्यासकट गुन्हा नोंदवत होती!

"का फेकला?"

"वासराला ह्यानं काठी मारली म्हनून. आजारी व्हतं ते, उठत नव्हतं. ती त्याच्यापाशी गोठ्यातच बसून असायची. जेवायला बी याची नाय."

बाईंनी माझी भुवई नीट बघितली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कसली भीती वाटते का?"

"वाटती ना. पोर कुनावर गेलं, आमच्यात पयलं ह्येच इचारतात. मी काय सांगू?"

"काय सांगाल?"

आईने विचार केला. "सांगीन, आमाला बी अजून म्हाईत नाय. दम धरा. कळंल."

मला आईचा अभिमान वाटला, आणि सुशीला काय तोंड दाखवू याची धास्तीही. निघताना बाई मला म्हणाल्या, "निर्णय वरचे घेतील. पण दादा, तुम्ही सांगितलेल्या बहिणीकडे मूल द्यायची मला भीती वाटली असती. आजींनी सांगितलेली बरी वाटतेय."

मग परवानग्या, वाट बघणं, आदेश, पुन्हा वाट बघणं. आणि अखेर सुशीचं बोट धरून पाच वर्षांची रेवा आली. तिचा पासपोर्ट निघेपर्यंत मुक्काम कडावलाच होता. रेवा कुणाशी बोलायची नाही. दिवसभर गोठ्यात वासरापाशी बसायची, आणि थोडं अंतर ठेवून सुशीही गप्प बसून राहायची. मला ते बघवत नसे. आळीतल्या बायका येऊन विचारायच्या, "कुनावर गेली गं?" आई म्हणायची, "दम धरा."

एका सकाळी वासरू सुटलं आणि अंगणात वाळत घातलेल्या तांदळात त्याने तोंड घातलं. मी काठी उचलली. (नुसती उचलली! शपथेवर सांगतो.)

तांब्या आला! नेमका उजव्या भुवईवर!

"त्याला मारायचं नाही!" रेवा ओरडली. आमच्या घरातलं तिचं ते पहिलं वाक्य. आणि मग स्वतःच घाबरून धावली ती थेट सुशीच्या कुशीत शिरली. सुशी हसत होती की रडत होती ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्या एका डोळ्यावर रक्त होतं.

आई अंगणात येऊन अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बगा गं! कळलं, पोर कुनावर गेली ती!"

मूल कुटुंबात रुळलं का, याचा अहवाल तिकडून अजूनही मागवतात. सुशी पानंच्या पानं भरून पाठवते. मी तिला सांगून ठेवलंय, एवढं लिहीत बसू नकोस, माझा समोरून काढलेला एक फोटो पाठव.