समेटाचा पेढा

"फोटो नीट आला न्हाई. परत एकदा भरवा."

फोटोवाला असं म्हणाला आणि नानांनी माझ्या दातांतला पेढा दोन बोटांनी बाहेर ओढला. अर्धा चावलेला. माझी थुंकी लागलेला. कॅमेऱ्याकडे बघत, हसत, तोच पेढा त्यांनी पुन्हा माझ्या तोंडात कोंबला. बोटांना तंबाखूचा वास येत होता. अंगठीचा खडा ओठाला घासला. समोर सतरंजीवर गाव बसलेलं. टाळ्या पडल्या.

मग नानांनी खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट, नीट. पुसून झाल्यावर रुमाल खिशात ठेवला नाही. खुर्चीखाली टाकून दिला. बाकी कुणी ते बघितलं की नाही, माहीत नाही. मी बघितलं.

त्याच हातानं त्यांनी आठवड्यापूर्वी माझ्या थोबाडीत मारली होती.

नाना म्हणजे तेव्हाचे आमचे उपसरपंच. गाव नेवासा तालुक्यातलं, शिंगणापूरच्या वाटेवरचं. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या पलीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल की पोरं चपला हातात घेऊन शाळेत जायची. त्या रस्त्याला मुरूम मंजूर झाला. डंपर आले, आम्ही डोळ्यांनी बघितले. पण ते वस्तीकडे वळलेच नाहीत. हमरस्त्यावर नानांचा ढाबा आहे, त्याच्यापुढे रिकामे झाले. देवाला जाणाऱ्यांच्या गाड्या तिथे थांबतात ना. त्यांच्या टायरला चिखल लागायला नको.

अख्ख्या गावाला माहीत होतं. आंधळ्याच्याही पायाला कळावं एवढा मुरूम. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुस्तकात वाचलेलं की ग्रामसभा लोकांनी विचारण्यासाठी असते. ते मी खरं मानलं. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत उभी राहिले आणि विचारलं, "आमच्या वस्तीचा मुरूम कुठं गेला?"

दुसरं काही बोलले नाही. नाना खुर्चीवरून उठले, चालत माझ्यापर्यंत आले आणि मारलं. कानात नुसता आवाज घुमत राहिला. त्या आवाजातूनही त्यांचं वाक्य ऐकू आलं. "तुमाला आता लई तोंड फुटलंय."

आई मागेच बसली होती. तिनं माझा हात धरला आणि आम्ही तशाच उठून एसटीनं पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं माझ्या गालाकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं.

"तुमचं गाव तंटामुक्तीत हाय ना? बक्षिसाची तपासणी तोंडावर आलीय. हितं कशाला आली? गावात मिटवा."

ही तंटामुक्ती म्हणजे सरकारची योजना. गावानं समिती नेमायची, भांडणं गावातच सामोपचारानं सोडवायची. ज्या गावात तंटा नाही त्या गावाला बक्षीस. योजना वाईट नव्हती. बांधाची, भावकीची कितीतरी भांडणं त्यातून मिटली असतील. पण आमच्या गावात ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला असता तर बक्षीस हातचं जाणार होतं. मग काय, सगळं गाव माझी तक्रार मिटवायला धावलं. मारलं कुणी, का मारलं, मुरूम कुठं गेला, हा विषयच निघाला नाही. उलट मीच गावाच्या ताटात माती कालवायला निघाले होते.

समितीचे अध्यक्ष गुरुजी. निवृत्त शिक्षक, मला चौथीला शिकवलेलं. माणूस कधी आवाज चढवत नाही. घरी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. "बाळ, नाना तुला वडिलांच्या जागी. वडिलांनी एक चापट मारली म्हणून कुणी पोलिसांत जातं का?"

माझे वडील मी पाचवीत असताना वारले. त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

गुरुजी गेल्यावर आई चुलीपुढे बसून म्हणाली, "कांद्याचं काम त्यांच्याच रानात हाय. ते बंद झालं की बाकीचेबी बोलवायचे न्हाईत. समेटाचा पेढा घे बाई खाऊन. गिळून टाक."

मी गिळला. हवालदार समेटाला हजर होता. त्यानं दोन पेढे खाल्ले आणि घरच्यांसाठी कागदात बांधून नेले.

गावाला बक्षीस मिळालं. वेशीवर कमान उभी राहिली, नानांच्या वडिलांच्या नावाची. शिंगणापुरात चोरी होत नाही, म्हणून घरांना दारं नाहीत म्हणतात. आमच्या गावात तंटा होत नाही, कारण तोंडं बंद आहेत. आणि माझा तो फोटो मोठा करून ग्रामपंचायतीत लावला. खाली लिहिलंय, 'सामोपचाराचा आदर्श'. रहिवासी दाखला काढायला गेले की भिंतीवर मीच मला दिसते. गाल फुगलेला, डोळे मिटलेले, तोंडात ते पिवळं काहीतरी. तेव्हापासून शिर्डीहून कुणी प्रसादाचा पेढा आणला तरी मी आईलाच घ्यायला सांगते. देवाचा दोष नाही. पण हात पुढे जात नाही.

वर्षं गेली. मी नेवाशात कापडाच्या दुकानात कामाला लागले. नाना सरपंच झाले. रस्त्याला मुरूम नाहीच. गेल्या साली नानांनी मला बोलावलं. "समितीत बाई पायजे, तुमच्यातलं कुनीतरीबी पायजे. तुज्यात दोन्ही भागतं."

हे त्यांनी तोंडावर सांगितलं. वर हसले. मी तरी हो म्हणाले. वाटलं, आत बसलं की निदान आपल्या माणसाची बाजू तरी मांडता येईल.

मग सुमनमावशीचं झालं. मावशी आमच्याच वस्तीतली, एकटी, साठी ओलांडलेली. रेशन दुकानात तिचा अंगठा मशिनवर घेतला आणि धान्य निम्मंच दिलं. दुकान नानांच्या मेव्हण्याचं. मावशी काट्यापुढून हलेना. "माजं बाकीचं दे," एवढंच म्हणत राहिली. त्यानं तिचा हात पिरगाळला आणि तिला पायरीवरून ढकललं. मनगट मोडलं.

दुकानाचा परवाना जाऊ नये म्हणून समिती बसली. तीच सतरंजी. गुरुजी थकलेत, पण बोलणं तेवढंच गोड. मेव्हणा पान चघळत बसलेला. त्यानं पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला. नाना म्हणाले, "त्यो भरवंल तर म्हातारी बिचकंल. तूच भरव. तुला अनुभव हाय."

लोक हसले. माझ्या हातात पेढा आला.

मावशी समोर बसली होती. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंड उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं आपण. दोनचार दात राहिलेत तिला, ते दिसले. एवढ्या वर्षांत आम्हाला इतकं शिकवून झालं होतं की आता सांगावंही लागत नव्हतं.

मला किळस आली. नानांची तर होतीच. त्या क्षणी माझ्या स्वतःच्या हाताची आली. बोटांना तूप लागलं होतं. थोबाडीत मारणारा हात, रुमालाला पुसलेला हात आणि हा माझा हात, एकाच रांगेत जाऊन बसले होते.

मी पेढा बॉक्समध्ये टाकला.

"मावशी, खाऊ नको. काय झालं ते सांग."

मावशीनं तोंड मिटलं. मग ती मेव्हण्याकडे बघून बोलायला लागली. "ह्यानं माजा हात मोडला. अंगठा घेतला आन् धान्य न्हाई दिलं. दर टायमाला असंच करतोय." आवाज चिरका, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

गुरुजी म्हणाले, "बाळ, गावाच्या अब्रूचा विचार कर."

मी म्हणाले, "गुरुजी, गावाची अब्रू दरवेळी आमच्याच तोंडात का कोंबता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. नाना मात्र बोलले. "तुज्या आईला कामाला कोन बोलावतं, ते बघतो."

मी आणि मावशी ठाण्यात गेलो. हवालदार दुसरा होता, वाक्य तेच. गावात मिटवा. आम्ही बाकावर बसून राहिलो. त्यानं चहा मागवला, प्यायला, जेवून आला. आम्ही बसलेल्याच. शेवटी वैतागून त्यानं तक्रार लिहून घेतली.

सुटल्यासारखं काही वाटलं नाही. मेव्हण्याला जामीन झाला, दुकान उघडंच आहे. मला समितीतून काढलं. आईला कांद्याच्या खुरपणीला कुणी बोलावत नाही. 'आदर्श' अजून भिंतीवर आहे. उतरवा म्हटलं तर ग्रामसेवक म्हणतो, "ती पंचायतीची मालमत्ता हाय." माझं तोंड, आणि मालमत्ता पंचायतीची.

आई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. परवा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काम तर गेलंच. ग्रामसभेला मीबी येते."

ग्रामसभा जवळ आली आहे. मी उभी राहणार आहे. मावशीचं धान्य विचारणार आणि त्याआधी माझा जुना प्रश्न विचारणार. आमच्या वस्तीचा मुरूम कुठं गेला? मारलं तरी विचारणार. उत्तर येईपर्यंत खाली बसणार नाही. आणि पेढ्यांचा बॉक्स आणायचा असेल तर खुशाल आणा. या वेळी मी गिळणार नाही. त्याच सतरंजीवर, सगळ्यांसमोर थुंकेन. तेव्हा काढा फोटो.