झालाच पाहिजे!

अख्ख्या मुंबईत आमच्या वहिनींच्या भावाइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता, आणि तो इतक्या भलत्या वेळी लावणारा माणूसही दुसरा झाला नसेल. आम्ही एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. मी गिरगावातून जायचो, तो डिलाईल रोडच्या चाळीतून. त्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर सभा असायच्या. ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हटलं की ‘झालाच पाहिजे’ हे सगळ्यांच्याच तोंडी होतं. याच्या मात्र ते अंगात भिनलं होतं. कुणी ठासून काही बोलून थांबलं की हा मूठ वर करून गरजायचाच. आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्प सांगून श्वास घेतला, तर यानं तिथंही घोषणा दिली. वहिनी ओशाळल्या, गुरुजींनी मात्र त्याला प्रसाद जास्त दिला. एरवी माणूस फार गुणी. खोलीत पाय पसरायला जागा नाही म्हणून जिन्यात बसून अभ्यास करायचा. त्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला हाच पहिला.

शेवटच्या वर्षाच्या तोंडावर कॉलेजानं जिमखाना आणि वाचनालयाची फी वाढवायचं काढलं. ती वाढली तर याला कॉलेज सोडावं लागणार, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. ठराव विद्यार्थ्यांच्या सभेपुढे यायचा होता आणि विरोधाचं भाषण यानंच करायचं ठरलं. चौपाटीवर मला समोर बसवून त्यानं ते पाठ केलं. काय सुरेख भाषण होतं! सभेत चिटणीसानं ठराव वाचला, “फी वाढवण्यात यावी,” असं ठासून म्हणून तो थांबला, आणि आमचा वक्ता मूठ उंचावून उठला, “झालाच पाहिजे!” सगळं सभागृह सवयीनं त्याच्यामागून गरजलं. अध्यक्षांनी हसतहसत ठराव मंजूर करून टाकला.

“अरे, काय केलंस हे?” तो खाली बसताच मी त्याला गदागदा हलवलं. “ऊठ, सांग त्यांना चूक झाली म्हणून!”

तो पांढराफटक पडला होता, पण उठला नाही. “नाय रे. दिलेली घोषणा परत घ्यायची नाय. उद्या लोक म्हणतील, या संयुक्त महाराष्ट्रवाल्यांच्या ओरडण्याचा काय भरवसा?”

मित्रांनी फी भरायची तयारी दाखवली, ती त्यानं हसण्यावारी नेली आणि वडिलांबरोबर गिरणीत जायला लागला. त्या वर्षी वर्ग इतका शांत असायचा की प्राध्यापक खूश होते. मला ती शांतता खायला उठायची.

मी पदवीधर झालो, तेव्हा वहिनींच्या आईनं निरोप धाडला, झगा घालून ये. भाड्याचा काळा झगा घालून मी डिलाईल रोडला गेलो. त्यांनी तो हातानं चाचपून पाहिला. इतक्यात हा पाळीवरून आला, केसांत कापूस.

“जरा ह्येच्या अंगार घाल रे,” त्या म्हणाल्या, “माका बघूंदे.”

त्यानं केस झटकले, हात धुतले. मी झगा त्याच्या खांद्यांवर चढवला. तो खोलीच्या मधोमध ताठ उभा राहिला आणि त्याची आई बघत राहिली. झगा संध्याकाळच्या आत दुकानात पोचवायचा होता, पण तो परत मागायला माझी जीभ काही वळेना.